गळ्यावरची दोन बोटं

पिसुर्ल्याच्या खाणीत सुरुंग लावता लावता
बापाचा उजवा कान आधी गेला,
मग डावा, एका बैलामागून
दुसरा बैल पाण्यात उतरावा तसा.
घरात सगळे ओरडून बोलू लागले.

रानकोंबड्याला साद घालणारा
चरावण्यात तो एकटाच उरला होता.
हाक अजून निघायची,
पण बरोबर निघाली की नाही
हे त्याला कळत नव्हतं.
निळू गावकर म्हणाला, पुनो,
तुझा कोंबडा हल्ली एसटीच्या भोंग्यासारखा आरवतो.
बाप हसला. ओठ वाचून हसला.
दुसऱ्या दिवसापासून मला उठवू लागला.

पहाटे चारला, दिवा न लावता.
मागीलदारी काजूच्या भाटीपाशी,
गेल्या सालच्या राखेजवळ
उकिडवं बसायचं, आणि तो
दोन बोटं माझ्या गळ्यावर ठेवायचा.
कुक् म्हणताना गळा आत.
कायाक् म्हणताना वर, पण दात दिसता कामा नयेत.
पुन्हा कायाक्.
मग शेवटचा कुक्, गिळलेला, अर्धा.
तो अर्धा जमायला मला मार्च उजाडला.

"कोंबडा गाणं म्हणत नाही गो, भांडतो.
तू भांड."
मी वर्गातल्या सुलक्षेला आठवून भांडायची.
चुकलं की नखाची टिचकी.
बरोबर आलं की काहीच नाही,
बोटं फक्त जरा सैल.

पंख शिकवले जुन्या लुंगीने:
मांडीवर दोनदा, थांबून तिसऱ्यांदा,
कारण आरवण्याआधी तो अंग झाडतो.
मग गप्प बसणं. ते सगळ्यात कठीण.
"हाक दिल्यावर मनातल्या मनात विड्या ओढ.
दोन. एक नाही.
घाईने परत ओरडतो तो माणूस."

शिगमा झाल्यावर एका पहाटे
आम्ही कुमेरीच्या वर गेलो, चिवारीच्या बेटाआड.
ठासणीची बंदूक निळूची, नेम बापाचा,
आवाज माझा.
लुंगी झाडली. हाक दिली.
मनातली पहिली विडी संपली.
दुसरी अर्धी असताना
किंदळीच्या पलीकडून तो बोलला.

तीन महिने मी जे करत होते
ते त्याच्यासारखं नव्हतंच.
त्याच्या आवाजात खडे होते, आणि शेवटच्या कुक्‌मध्ये
काहीतरी अडकलेलं, भाताचं कूस असेल.
पुन्हा बोलला. खालून, जवळून.

बापाने माझ्याकडे पाहिलं.
भुवई वर. म्हणजे, बोलला का?
तेव्हा मी बारा वर्षांची,
आणि माझ्या एका मानेवर
तीन घरांची आमटी टांगलेली.
मी मान हलवली. ना.
पलीकडे पाचोळा वाजत होता,
आई मागच्या पडवीत सूप पाखडते
इतका जवळ.

तो सावकाश झुकला,
बोटं गळ्यावर ठेवली.
मी आवंढा गिळला.
असं काही त्याने शिकवलं नव्हतं.
खूप वेळ ठेवली त्याने बोटं तशीच.
मग बंदुकीचा घोडा अंगठ्याने धरून खाली घेतला,
आणि खिशातून खरी विडी काढली.

त्या वर्षी आम्ही आणखी अकरा पहाटे गेलो.
मी हाक द्यायची, कोंबडा उलट भांडायचा,
आणि तो जे बोलेल ते मी
गळ्यातल्या गळ्यात परत म्हणायची,
बोटांपुरतं. खड्यांसकट. कुसासकट.
बाप डोळे मिटून बसायचा.

निळू विचारायचा, रिकामेच आलात?
रान ओस पडलं रे, बाप म्हणायचा,
बहिऱ्यालाही जरा जास्त वाटेल
इतक्या मोठ्याने.